मुलांसाठी लाकडी खेळाची जागा: लाकूड कुठे कुजते आणि मूल कुठे पडते

विचारणा थोडक्यात अशी आहे. शाळेच्या मागे साधारण 600 चौरस मीटर मोकळी जागा आहे. तिच्यात तीन मोठी झाडे आहेत, एका कोपऱ्यात पावसाचे पाणी साचते आणि वादळात पडलेल्या झाडांचे काही ओंडके फुकट मिळण्यासारखे आहेत. तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी तेथे प्लॅस्टिकच्या तयार साधनांऐवजी लाकूड, माती, दगड आणि झाडे यांची खेळाची जागा करायची आहे. कोणती साधने बसवावीत, कोणते लाकूड घ्यावे, ते किती टिकेल आणि मुलांच्या सुरक्षिततेचे काय, असे चार प्रश्न विचारले आहेत. अशा जागा आखण्याचे व बांधण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. साधनांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेणार आहे, कारण तो आधी सोडवला की उरलेले तिन्ही हाताबाहेर जातात.

आराखड्याचा कागद उघडण्यापूर्वी भर पावसात एकदा त्या जागेवर उभे राहावे. पाणी कोठून येते, कोठे वळते आणि पाऊस थांबल्यावर कोणत्या ठिकाणी तासाभरानेही पाय रुततो, हे खुंट्या ठोकून नोंदवावे. लाकडी खेळाच्या जागेचे आयुष्य लाकडाच्या जातीपेक्षा या खुंट्यांवर अधिक ठरते. पाणी साचणारा कोपरा भर टाकून बुजवण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो आवरावा, कारण बुजवलेले पाणी शेजारी कोठेतरी डोके वर काढतेच. तो कोपरा आणखी थोडा खोल करावा, पाणी दिवसभरात मुरून जाईल एवढी खडी तळाशी घालावी, कडेने ओल सोसणारी झुडपे व गवते लावावीत आणि चिखलाच्या खेळासाठी तो राखून ठेवावा. पाणी दिवसेंदिवस साचून राहिले तर डासांची पैदास होते, म्हणून निचऱ्याच्या बाबतीत हयगय नको. तेथे एकही खांब रोवू नये.

या खोदाईतून निघालेल्या मातीची टेकडी करावी. टेकडी हे अशा जागेतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन आहे, असे माझे मत आहे. उतार आडवे तीन आणि उभे एक या प्रमाणाहून तीव्र ठेवला तर मुलांच्या पायांखाली गवत टिकत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात माती खाली येते. माती थर देऊन दाबून घ्यावी आणि शक्य असल्यास एक पावसाळा बसू द्यावी. घसरगुंडी बसवायचीच असेल तर ती खांबांवर उभी न करता या टेकडीच्या उतारावर टेकवावी. मग चढण्याचा जिना लागत नाही, उंचावरून खाली पडण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही आणि चढण्याच्या वाटा हव्या तेवढ्या मिळतात. धातूची घसरगुंडी दुपारच्या उन्हाच्या तोंडी मात्र नसावी, कारण तिच्यावर कातडी भाजते.

तीन मोठी झाडे ही तुमच्या जागेची खरी संपत्ती आहे आणि तिला धोका आहे तो बांधकामाच्या काळात. झाडाच्या बहुतेक मुळ्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत पसरलेल्या असतात. बुंध्याच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचे वर्तुळ संरक्षित धरावे, असा ठोकताळा ब्रिटिश मानकात आहे आणि तो कामाचा आहे. म्हणजे छातीच्या उंचीवर बुंधा 50 सेंटीमीटर जाड असेल, तर सहा मीटरपर्यंत खोदकाम करू नये, यंत्र फिरवू नये, मातीचा ढीगही टाकू नये. बुंध्याभोवती भर घालून पार उंचावण्याची हौस झाडाच्या मुळावर येते, अगदी शब्दशः. जिवंत फांदीला झोका टांगण्यापूर्वी झाडांच्या जाणकाराकडून फांदी तपासून घ्यावी आणि दोरीऐवजी रुंद पट्टा वापरावा, कारण बारीक दोरी साल कापत जाते.

आता लाकूड. लाकूड पाण्याने कुजत नाही. ते बुरशीने कुजते, आणि बुरशीला पाणी व हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशी वाढत नाही. जमिनीत खोलवर हवा कमी असते आणि जमिनीच्या वर लाकूड वाळत राहते. त्यामुळे सर्वांत वाईट जागा ठरते ती मधली: जमिनीच्या पातळीच्या थोडे वर आणि एक वीत खाली. खांब मोडतो तो जवळजवळ नेहमी तेथेच, आणि मोडेपर्यंत वरून तो धडधाकट दिसतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका ठिकाणी मी चढण्याच्या जाळीचे खांब काँक्रीटमध्ये बसवले होते, खड्डा खालूनही काँक्रीटने बंद करून. मजबूत काम झाले, अशी माझी समजूत होती. पाचव्या वर्षी तपासणीला गेलो तेव्हा खांबांवर ओरखडाही नव्हता. सहज म्हणून पेचकस काँक्रीटच्या कडेशी टेकवून दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला तपकिरी, ओलसर, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा लगदा होता. मी काँक्रीटची वाटी केली होती आणि खांब पाच वर्षे तिच्यातल्या पाण्यात उभा होता. त्याच दिवशी ती जाळी उतरवली. तेव्हापासून खांबाच्या तळाशी कधीच काँक्रीट घालत नाही. तळाशी वीतभर खडी आणि बाजूंनी दाबलेली खडी पुरते. काँक्रीट अपरिहार्य असेल, तर ते खांबाभोवती कडे म्हणून घालावे, तळ मोकळा ठेवावा आणि वरचा भाग बाहेर उतरता करावा. शिवाय खेळसाधनांच्या युरोपीय मानकानुसार सपाट माथ्याचे काँक्रीट खेळाच्या पृष्ठभागाच्या किमान 40 सेंटीमीटर खाली असावे लागते, म्हणजे पडणाऱ्या मुलाच्या डोक्याला ते लागत नाही. जास्त भार घेणाऱ्या खांबांसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, खांबाचे बूड धरणारी पोलादी बैठक, जिच्यात लाकूड जमिनीला टेकतच नाही. एकाच खांबावर उभी असलेली साधने, म्हणजे एक खांब मोडला की सारेच कोसळेल अशी रचना, मी लाकडात करीतच नाही.

लाकडाची जात निवडताना पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती अशी की टिकाऊपणा असतो तो गाभ्याच्या लाकडाला. सालीलगतचे फिकट रंगाचे लाकूड कोणत्याही जातीचे असो, जमिनीत ते लवकरच कुजते. सागाच्या, ओकच्या किंवा रोबिनिया या काटेरी झाडाच्या खांबाचा रंग पाहून गाभा किती आणि बाहेरचा फिकट भाग किती, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे आणि तो भाग तासून काढावा. लवकर तोडलेल्या बागायती सागात गाभा कमी असतो. नुसत्या ‘साग’ या नावावर भुलू नये. रोबिनिया युरोपात अशा जागांसाठी फार वापरतात, कारण ती जमिनीत चांगली टिकते आणि तिची वाकडीतिकडी खोडे दिसायलाही देखणी असतात; पण तिची साल विषारी असते, तेव्हा साल पूर्ण सोलल्याशिवाय ती मुलांपुढे ठेवू नये. तसे पाहिले तर प्रत्येकच ओंडक्याची साल काढावी. साल ओल धरते, तिच्याखाली किडे घर करतात आणि दोन वर्षांनी ती चढणाऱ्या मुलाच्या पायाखालून सुटून येते. पाइनसारखे हलके लाकूड वापरायचे असेल, तर दाब देऊन रसायन मुरवलेलेच घ्यावे. मात्र त्या रसायनात आर्सेनिक नाही, याची लेखी खात्री करून घ्यावी. क्रोमियम, तांबे व आर्सेनिक यांचे मिश्रण एके काळी सर्रास वापरले जाई; अमेरिकेत उत्पादकांनी 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद केले. रेल्वेचे जुने स्लीपर कितीही आकर्षक वाटले तरी मुलांच्या जागेत आणू नयेत. त्यांत डांबरासारखे क्रिओसोट मुरलेले असते आणि उन्हात ते बाहेर पाझरते.

भेगांविषयी पालक हमखास विचारतात. अख्खा गोल ओंडका वाळताना परिघाच्या दिशेने जितका आकसतो, त्याच्या साधारण निम्माच त्रिज्येच्या दिशेने आकसतो. म्हणून त्याला गाभ्यापर्यंत भेग पडणारच. ती दोष नव्हे, त्या लाकडाचा स्वभावच आहे. फक्त ती कोठे पडावी हे आपण ठरवू शकतो: ओंडक्याच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला करवतीने गाभ्यापर्यंत एक लांब खाच घेतली, तर बहुतेक भेग तेथेच उघडते. वरच्या अंगाला भेग पडलीच, तर दोन गोष्टी पाहाव्यात. तिच्यात पाणी साठते का, आणि बोट अडकते का. मानकाच्या भाषेत 8 ते 25 मिलिमीटर हा बोट अडकण्याचा पट्टा आहे. रंगाचा थर मी सुचवत नाही. लाकूड फुगते-आकसते तसा रंग तडकतो, त्या तड्यांतून पाणी आत जाते आणि मग बाहेर पडू शकत नाही. उघडे लाकूड वर्ष-दीड वर्षात राखाडी होते. उन्हातील अतिनील किरण पृष्ठभागावरील लिग्निन या तंतू सांधणाऱ्या द्रव्याचे विघटन करतात म्हणून तो रंग येतो. आतील लाकडाचे त्याने काही बिघडत नाही.

फुकट मिळणाऱ्या ओंडक्यांचे काय करावे? जरूर घ्यावेत, पण खांब म्हणून नव्हे. ज्या लाकडाची जात आणि वय ठाऊक नाही, ते आडवे झोपवावे आणि त्यावर फक्त बसणे, चालणे, उड्या मारणे एवढ्याच अपेक्षा ठेवाव्यात. 30 सेंटीमीटरहून जाड ओंडका खडीच्या चरात पाव हिस्सा बसवून दोन्ही बाजूंनी पाचरी मारल्या की तो लोळत नाही. ओल्या दिवसांत शेवाळाने तो निसरडा होतो, म्हणून चालण्याच्या बाजूवर करवतीने आडव्या उथळ खाचा घ्याव्यात. काही जण कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकतात; ती वर्षभरात कडेला सुटते आणि गुडघे फाडते. ओंडक्याचे काप करून उभ्या ठोकळ्यांची वाट केली तर ती मुलांना फार आवडते, पण तंतूंची टोके जमिनीत गेल्याने ते ठोकळे वातीसारखे पाणी ओढतात आणि काही वर्षांतच बसतात. ते बदलावे लागणार, हे पहिल्याच दिवशी खर्चात धरावे.

सुरक्षिततेविषयी बोलताना मी दोन शब्द वेगळे ठेवतो: जोखीम आणि छुपा धोका. मुलाला दिसते, जिचा अंदाज घेता येतो आणि जी घ्यावी की न घ्यावी हे त्याला ठरवता येते, ती जोखीम. उंच ओंडका ही जोखीम आहे. त्याच ओंडक्याखालचा कुजलेला टेकू, बाहेर आलेला खिळा किंवा डोके अडकेल अशी फट हा छुपा धोका आहे, कारण मुलाला ती दिसू शकत नाही. नॉर्वेच्या संशोधक एलेन सांडसेटर यांनी 2007 मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धोकादायक हत्यारे, आग किंवा खोल पाणी अशा गोष्टींची जवळीक, मस्तीची झोंबाझोंबी आणि नजरेआड होणे. जागा आखताना मी यांपैकी निदान चारांना वाव आहे की नाही, हे पाहतो. युरोपातील खेळसाधनांचे मानक ईएन 1176 देखील प्रत्येक खरचटणे टाळण्याचा दावा करीत नाही. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व टाळणे हा त्याचा पहिला हेतू आहे. तुमच्याकडे कोणते मानक बंधनकारक आहे ते पाहावे; मी पुढे देत असलेले आकडे या युरोपीय मानकाचे आहेत.

माझ्या पिशवीत नेहमी दोन लाकडी ठोकळे असतात. एक 89 मिलिमीटर रुंद व 157 मिलिमीटर लांब, दुसरा 230 मिलिमीटर व्यासाचा गोल. जमिनीपासून 60 सेंटीमीटरहून वर असलेल्या, चारही बाजूंनी बंद अशा कोणत्याही फटीत लहान ठोकळा आत जात असेल, तर मोठाही गेला पाहिजे. कारण सरळ आहे. लहान मुलाचे डोके त्याच्या धडापेक्षा मोठे असते. पाय आधी घालून ते फटीतून सरकले तर अंग निघून जाते आणि डोके अडकून मूल गळ्यावर लटकते. ओंडके एकमेकांवर आडवेतिडवे रचलेली चढण असेल, तर वर उघडणाऱ्या अरुंद कोनांतही मान अडकू शकते. असे कोन लाकडाचा तुकडा ठोकून भरावेत. टोपीच्या नाड्या, गळ्यातील ओळखपत्राची दोरी आणि सायकलचे हेल्मेट खेळाच्या जागेत येणार नाही, हा नियम शाळेने करावा. तो आराखड्याने साधत नाही.

पडण्याची उंची मी कधीच तीन मीटरवर नेत नाही, कारण मानकाची मर्यादाच तेवढी आहे, आणि या वयोगटासाठी दोन मीटर पुष्कळ झाली. 60 सेंटीमीटरपर्यंतच्या उंचीखाली, झोक्यासारखा वेग नसेल तर, खास मऊ थराची अट नाही. त्याच्या वर ती सुरू होते. दोन मीटरपर्यंतच्या उंचीखाली लाकडी ढलप्यांचा किंवा सालीच्या तुकड्यांचा 20 सेंटीमीटर थर लागतो, आणि त्यात 10 सेंटीमीटर जास्तीचे धरावे लागतात, कारण पायांनी उडून सर्वांत आधी तो नेमका पडण्याच्या जागीच पातळ होतो. म्हणजे प्रत्यक्षात 30 सेंटीमीटर. हा थर साधनाच्या कडेपासून चहूबाजूंनी निदान दीड मीटर पसरलेला असावा. पडण्याची उंची दीड मीटरहून जास्त असेल तर ते अंतरही वाढते आणि तीन मीटर उंचीला अडीच मीटर होते. त्याखाली निचरा नसेल तर ढलप्या कुजून त्यांची माती होते आणि मऊपणा जातो. मी खाली खडी, तिच्यावर पाणी झिरपू देणारे कापड आणि मग ढलप्या असा क्रम ठेवतो. वाळू वापरायची तर गोल कणांची, धुतलेली. चिकणमाती मिसळलेली वाळू ओली होऊन वाळली की फरशीसारखी घट्ट होते. त्या दीड मीटरच्या पट्ट्यात दुसरा ओंडका, दगड किंवा मुळाचा खुंट नसावा. आराखड्यात हे सहज जमते. नंतर कोणीतरी बसायला म्हणून छानसा दगड आणून ठेवतो, आणि तो नेमका तेथे ठेवतो.

आता साधने. खरे सांगायचे तर, ज्याला नाव आहे असे साधन जितके कमी तितके बरे. एका जागी मी 11 ओंडक्यांची आडवीतिडवी रास बांधून दिली होती, कोठे मांडीएवढी उंच तर कोठे डोक्याएवढी. पहिल्या दिवशी पाचएक वर्षांची एक मुलगी तिच्या कडेला बराच वेळ उभी राहिली. मग तिने एका ओंडक्यावर पाऊल टेकवले, भार न देता दोनदा दाबून पाहिले, पाऊल मागे घेतले आणि शेजारचा बुटका ओंडका निवडला. समान अंतराच्या पायऱ्यांची शिडी असती तर तिला असा विचार करावा लागला नसता. सारख्या पायऱ्यांवर पाय आपोआप पडतात. म्हणून टप्प्यांची उंची आणि अंतर मी मुद्दाम असमान ठेवतो. जो मार्ग उंचावर जातो त्याचा पहिला टप्पा अवघड करावा. ज्याला तो जमत नाही त्याचे वर जाण्याचे वय अजून झालेले नाही. मोठ्यांनी मुलाला उचलून वर ठेवले की ही चाळणी निकामी होते. जे मूल स्वतः चढले, त्याला बहुधा उतरताही येते.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे सुटे सामान. डॅनिश उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सेन यांच्या लक्षात आले होते की त्यांनी आखलेल्या नीटनेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुले बांधकामाच्या पडीक सामानात अधिक रमतात. 1943 मध्ये, जर्मन ताब्यातील कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे, भंगारातून खेळण्याचे पहिले मैदान उघडले. लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी 1946 मध्ये ते पाहिले आणि ही कल्पना ब्रिटनमध्ये नेली. पुढे 1971 मध्ये सायमन निकल्सन यांनी तिला सिद्धान्ताचे रूप दिले: हलवता व जोडता येणाऱ्या वस्तू जितक्या अधिक, तितकी मुलांची कल्पकता अधिक. तुमच्या जागेत याचा अर्थ असा की, कापलेल्या फांद्या, फळ्या, लाकडी चकत्या, दोरीचे आखूड तुकडे आणि एक हातपंप यांवर पैसे राखून ठेवावेत. हातपंपाखाली हलवता येतील अशा लाकडी पन्हळी ठेवल्या आणि पाणी त्या चिखलाच्या कोपऱ्याकडे वाहू दिले, तर तेथे मुलांची सर्वाधिक गर्दी होईल. पन्हळी सतत ओल्या राहून लवकर कुजतात. त्या स्वस्त लाकडाच्या आणि सहज बदलता येतील अशाच कराव्यात.

चाकाच्या खुर्चीतील मुलासाठी ढलप्यांचा थर म्हणजे अडथळाच. टेकडीच्या पायथ्यापर्यंत, हातपंपापर्यंत आणि ओंडक्यांच्या राशीच्या एका बाजूपर्यंत दाबलेल्या बारीक खडीची घट्ट वाट न्यावी, आणि रास तेथे खुर्चीच्या बैठकीएवढ्या उंचीवर सपाट ठेवावी, म्हणजे खुर्चीतून तिच्यावर सरकता येते. झुडपे लावताना कण्हेर, धोतरा, घाणेरी आणि गुंज टाळावीत. तीन वर्षांच्या मुलांचा कोपरा मोठ्यांच्या धावण्याच्या वाटेपासून बाजूला असावा, पण कुंपणाने तोडू नये, कारण लहान मुले मोठ्यांकडे पाहूनच शिकतात.

किती टिकेल, याचे उत्तर आता देता येते. चांगल्या गाभ्याचा, खडीत उभा केलेला खांब 15 वर्षांपर्यंत जाईल असे धरून मी आखणी करतो. उभे ठोकळे तीन ते पाच वर्षे. फुकटचे ओंडके त्यांच्या नशिबाप्रमाणे. म्हणून प्रत्येक खांब शेजारचा न काढता बदलता आला पाहिजे, सांधे खिळ्यांचे नव्हे तर नट-बोल्टचे असावेत आणि बोल्ट जस्ताच्या मुलाम्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत, कारण ओकसारख्या लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य साधे लोखंड खाते. दररोज सकाळी कोणीतरी एक फेरी मारून काच, मोडलेली फांदी आणि पातळ झालेल्या ढलप्या पाहाव्यात. एक ते तीन महिन्यांनी बोल्ट आवळावेत, भेगा पाहाव्यात, कुसळे घासावीत. वर्षातून एकदा प्रत्येक खांबाभोवती वीतभर माती उकरून पेचकस टोचावा आणि हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले मंद. निकाल तारखेसह वहीत लिहावा, खांबांना क्रमांक द्यावेत. वहीत ‘मंद’ असा शेरा आलेला खांब पुढच्या वर्षाची वाट न पाहता काढावा. काढलेले ठोकळे मात्र फेकू नयेत. चिखलाच्या कोपऱ्यामागे सावलीत टाकले तर काही महिन्यांत त्यांच्याखाली गांडुळे आणि पैसाकिडे येतात, आणि मुले तेथे पालथी पडून त्यांच्याकडे पाहत बसतात.